‘थोडी चालेल का?’

विंचूरहून निघालेला रस्ता चांदवड ओलांडून भावडबारी घाटानं देवळ्यात येतो आणि सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर करत तापीकाठच्या प्रकाशापर्यंत जातो. या रस्त्याच्या सुरुवातीलाच, विंचूरला, एमआयडीसीचं वाइन पार्क आहे. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली होती. तेव्हापासून नाशिकला देशाची वाइन राजधानी म्हणायची पद्धत पडली. १९९९मध्ये स्वतंत्र तालुका झालेल्या देवळ्याला मात्र ही राजधानी फारशी जाणवत नाही. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा मिळून होणाऱ्या कसमादे पट्ट्यात पैसा येतो तो कांद्यातून आणि डाळिंबातून. उमराण्याच्या बाजार समितीत भाव चढला की ढाब्यावर गर्दी होते आणि पडला तरीही होते. त्या गर्दीतल्या टेबलांवर वाइनचा ग्लास शोधूनही सापडत नाही. तिथे क्वार्टर असते, स्ट्रॉंग बिअर असते, देशी असते. पश्चिमेच्या आदिवासी पाड्यांकडे गेलं की मोहाची.

हे सांगायचं कारण असं, की आतड्याचा दीर्घ दाह आणि दारू या विषयावर जगात जो थोडा अभ्यास झाला आहे, त्यातला बराचसा तांबड्या वाइनवर, शहरी पाश्चात्त्य रुग्णांवर झालेला आहे. तो वाचून देवळ्यातल्या तिशीच्या तरुणाला उत्तर द्यायचं म्हणजे आधी त्याच्या पेल्यात काय आहे हे विचारायला हवं. आणि त्याच्या खिशात कोणत्या गोळ्या आहेत, हे तर त्याहूनही आधी.

प्रश्न बहुधा तपासणी संपल्यावर येतो. वडील किंवा बायको फाईल घेऊन बाहेर पडलेली असतात, पेशंट दारापाशी थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “डॉक्टर, कधीमधी थोडी चालेल का?” बरेच डॉक्टर “अजिबात नाही” म्हणून मोकळे होतात. उत्तर सुरक्षित आहे, पण अपुरं. ज्याला कारण कळलेलं नाही तो पुढच्या हळदीला एक पेग घेतो, दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, आणि मग डॉक्टरांच्या बाकीच्या सूचनाही त्याला तितक्याच पोकळ वाटू लागतात.

आधी आजाराबद्दल थोडं. या दीर्घ दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात. ही सूज गुदाशयापासून सुरू होऊन वर पसरत जाते. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, पण जास्त करून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत दाह होतो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. दोन्ही बहुतेक वेळा ऐन तरुणपणात सुरू होतात, म्हणजे लग्न, मित्र आणि पहिली कमाई एकत्र येण्याच्या वयात. शौचातून रक्त जातं तेव्हा घरचे मूळव्याध म्हणतात, चुलते रक्ती आव म्हणतात, आणि नाशिकला जाऊन दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत कित्येक महिने निघून जातात.

या आजाराचा स्वभाव कसमादेतल्या डाळिंबवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. तेल्या त्याला ठाऊक असतो. एका हंगामात बाग स्वच्छ दिसते, फळ तुकतुकीत येतं, पण रोग बागेतून गेलेला नसतो. हवा दमट झाली की तो पुन्हा पानावर दिसतो. तेल्या जिवाणूंचा रोग आहे, कोलायटिस तसा संसर्ग नाही, तेव्हा साम्य इथेच सोडू. शांत असलेला आजार आणि बरा झालेला आजार यांत फरक आहे, एवढंच सांगायचं होतं. दारूचा प्रश्न नेमका याच फरकावर अडतो. आजार उसळलेला असताना, म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला धावावं लागतंय, रक्त पडतंय, वजन उतरतंय, अशा वेळी दारू घेऊ नये याबद्दल कोणाचंच दुमत नाही. वाद आहे तो शांत काळाबद्दल.

दारू आतड्यात नेमकं काय करते? प्यायलेल्या दारूचा बहुतेक भाग जठरात आणि लहान आतड्याच्या वरच्या टप्प्यातच रक्तात शोषला जातो. त्यामुळे मोठ्या आतड्यात ती अन्नाच्या वाटेनं फारशी पोचत नाही, पोचते ती रक्तातून. रक्तात तिचं प्रमाण जेवढं, साधारण तेवढंच आतड्यातही होतं. तिथले जिवाणू तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतात. हे रसायन निकामी करायची यंत्रणा यकृताकडे भक्कम आहे, मोठ्या आतड्याच्या अस्तराकडे ती तुटपुंजी आहे. म्हणून ते तिथे साचतं आणि अस्तराच्या पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवणारे सांधे सैल करतं. आतड्यातल्या जिवाणूंचे अंश मग या फटींतून भिंतीत शिरतात. निरोगी माणसात हे निभावून जातं. ज्याची प्रतिकारशक्ती आतड्याच्या भिंतीत आधीच संतापून बसलेली आहे, त्याच्या बाबतीत हे आयतं निमित्त ठरू शकतं. शिवाय दारूनं आतड्याची हालचाल वाढते आणि मेंदूकडून मूत्रपिंडांना मिळणारा ‘पाणी राखा’ हा निरोपही दबतो. म्हणून सकाळी जुलाबही होतात आणि घसाही कोरडा पडतो. उन्हाळ कांदा काढायच्या दिवसांत, एप्रिल-मेच्या लग्नसराईत, हे पाणी भरून काढणं सोपं नसतं.

एवढं वाचून कोणीही म्हणेल की उत्तर ठरलं. पण प्रयोगशाळेतली कारणमीमांसा आणि माणसांत दिसणारा परिणाम यांच्यात अंतर असतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या परिसरातल्या अभ्यासकांनी आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या १९१ रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं आणि निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. वर्षभरात ५२ टक्के रुग्णांचा आजार पुन्हा उसळला. कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत जास्त पिणाऱ्या गटात ही शक्यता अडीच पटींहून अधिक निघाली. लाल आणि प्रक्रिया केलेल्या मांसाचा आकडा मात्र त्याच अभ्यासात पाच पटींच्या पुढे होता. ढाब्यावर काळ्या मसाल्याचं मटण आणि क्वार्टर एकाच टेबलावर येतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा दोष कोणाच्या माथी मारायचा हे पेशंटही सांगू शकत नाही आणि संशोधकही.

दुसरा प्रयोग शिकागोचा, २०११चा. शांत आजार असलेल्या मोजक्या रुग्णांना आठवडाभर रोज मर्यादित तांबडी वाइन दिली. आजार कोणाचाही उसळला नाही. दाह दाखवणारं शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तर उलट कमी झालं. पण त्याच माणसांच्या आतड्यांची गळती वाढलेली मोजली गेली. वाइनवाले पहिलं वाक्य उचलतात, दारूबंदीवाले दुसरं. माझ्या मते आठवडाभराच्या प्रयोगावरून दोघांनीही फार जोर लावू नये. डेन्मार्कमध्ये क्रोन्सच्या रुग्णांवर पाच वेगवेगळी पेयं तपासली गेली. त्यांत पोटदुखी जास्त झाली ती वाइननं नाही, तर साखर जास्त असलेल्या गोड मद्यपेयानं आणि तीव्र बिअरनं. आपल्याकडे व्हिस्कीत कोल्ड्रिंक ओतून पिणाऱ्यांनी हा निष्कर्ष वाचायला हरकत नाही. गोडवा आणि बुडबुडे या दोन गोष्टी चिडलेल्या आतड्याला पेगइतक्याच नडतात.

या सगळ्याचा मेळ घालून दाहविकारांच्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२०मध्ये आहाराबद्दल सल्ला दिला. त्यात, कमी प्रमाणातल्या दारूवर निर्बंध घालण्याइतका पुरावा हाती नाही, असं म्हटलं आहे. हे प्रामाणिक विधान आहे. मात्र पुरावा नसणं म्हणजे परवानगी असणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या जानेवारीत तर कोणतंही प्रमाण निर्धोक नाही असंच जाहीर केलं. दारू कर्करोगजनक असल्याचं १९८८पासून अधिकृतपणे मानलं गेलं आहे आणि त्यात मोठ्या आतड्याचा कर्करोगही येतो. ज्यांचा कोलायटिस मोठ्या आतड्यात पसरलेला आहे, त्यांना आठ-दहा वर्षांनंतर याच कर्करोगाचा धोका वाढतो आणि म्हणून ठरावीक काळानं कोलोनोस्कोपी करावी लागते. तिथे आणखी एक जोखीम वर चढवण्यात शहाणपण नाही.

आपल्या राज्याच्या कायद्यालाही या गोंधळातून सुटका नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात विदेशी मद्य पिण्यासाठी वैयक्तिक परवाना लागतो आणि नियमांच्या भाषेत तो आरोग्य जपण्यासाठी दिलेला असतो. बिअर बारमध्ये बसलेला प्रत्येक जण कागदोपत्री तब्येत सांभाळत असतो म्हणायचं!

आता ‘थोडी’ म्हणजे किती? मोठा पेग ६० मिलीचा. आपल्याकडच्या व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे त्या पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध दारू जाते. क्वार्टर १८० मिलीची, त्यात ६० ग्रॅम. वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात १५ ग्रॅमच्या आसपास. खरी फसगत होते बिअरमध्ये. ६५० मिलीच्या, आठ टक्क्यांच्या स्ट्रॉंग बाटलीत ४० ग्रॅम असतात. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणाऱ्यानं दोन मोठे पेग घेतलेले असतात. परदेशातल्या ज्या सल्ल्यात ‘दिवसाला एक पेय’ असा उल्लेख येतो, तिथलं एक पेय दहा ते चौदा ग्रॅमचं असतं. देवळ्यातल्या ‘थोडी’चा आणि त्या एका पेयाचा संबंध नाही. हातभट्टीबद्दल तर आकडाच मांडता येत नाही. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलनं.

आतड्याविषयी विज्ञान असं चाचपडत बोलतं. औषधांविषयी ते स्पष्ट बोलतं, आणि म्हणून दारूविरुद्धचा भक्कम युक्तिवाद आतड्यात नाही, गोळ्यांच्या पाकिटात आहे.

अझाथायोप्रिन घ्या. प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी ही गोळी वर्षानुवर्षं चालते. तिच्यावर असलेल्या माणसाला दर काही महिन्यांनी रक्ताच्या पेशी आणि यकृताचे एन्झाइम तपासून घ्यावे लागतात, कारण गोळी दोन्हींना त्रास देऊ शकते. क्वचित तिच्यामुळे स्वादुपिंडाला सूज येते. दारू यकृताचीही वैरी आणि स्वादुपिंडाचीही. समजा रिपोर्टमध्ये एन्झाइम वाढलेले आले आणि पेशंटनं मागच्या पंधरवड्यातल्या तीन ओल्या पार्ट्या लपवल्या. डॉक्टर गोळीवर संशय घेतात आणि ती बंद करतात. लागू पडलेलं, परवडणारं औषध अशा रीतीनं हातचं जातं. पुढच्या पायरीवरची इंजेक्शनं कितीतरी महाग असतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, म्हणून “आज डोस नाही, आज चालेल” असा हिशेब केला जातो. यकृत आठवड्याचे वार पाहत नाही.

आपल्याकडची खास अडचण वेगळीच आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची लक्षणं, दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमा, कधीकधी तुकड्याचा रिपोर्टही एकमेकांसारखा असतो. क्षयरोग जिथे घरोघरी माहीत आहे अशा देशात डॉक्टर पुष्कळदा आधी टीबीच्या गोळ्या सुरू करून पाहतात. त्यांतली आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला इजा करू शकतात. या काळात पेल्याला हात लावणं हा सरळ जुगार आहे. काविळीनं उपचार थांबले की निदानही लांबतं.

मेट्रोनिडॅझोलचं नाव बहुतेकांना माहीत नसतं, पण गोळी पोटात गेलेली असते, कारण जुलाब म्हटलं की मेडिकलवाला तीच किंवा तिची बहीण टिनिडॅझोल काढून देतो. क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळ भगेंद्र झालं तर डॉक्टरही ती लिहून देतात. तिच्यावर दारू घेतली की चेहरा लाल होणं, छाती धडधडणं, ओकाऱ्या असा प्रकार होऊ शकतो. अलीकडे काही अभ्यासकांनी हा धोका वाटतो तेवढा मोठा आहे का, अशी शंका घेतली आहे. तरी गोळ्या संपल्यावरही तीन दिवस दारू टाळावी ही सूचना अजून कायम आहे, आणि ती पाळण्यात तोटा काही नाही.

उरली मेसालामाइन, कोलायटिसची रोजची गोळी. तिचं दारूशी थेट भांडण नाही. पण इथे एक उलटाच प्रकार पाहायला मिळतो. दारू आणि औषध एकत्र नको, एवढं ऐकून माहीत असतं, म्हणून ज्या रात्री बैठक त्या रात्री गोळी बंद. सकाळी डोकं जड, म्हणून तेव्हाही बंद. लग्नसराईत अशा आठ-दहा दिवसांच्या गोळ्या बुडतात. शिकागोतल्याच २००३च्या एका अभ्यासात मेसालामाइन नियमित न घेणाऱ्यांचा आजार उसळण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाच पटींहून जास्त निघाला होता. म्हणजे पेगानं जेवढं बिघडवलं नसतं तेवढं पेगासाठी चुकवलेल्या गोळीनं बिघडतं. घेतली असेल तरी ही गोळी चुकवू नये, असं मी निःसंकोच सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीवर मात्र आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये. वेदनाशामकांचा हा वर्ग आतड्याचा दाह चाळवू शकतो.

जे कधीच पीत नाहीत त्यांनाही इथे एक गोष्ट सांगायला हवी. पोटाच्या तक्रारींवर आपल्याकडे कुटजारिष्ट घेण्याची जुनी रीत आहे. आसवं आणि अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यामुळे त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होतं. बाटलीच्या लेबलवर टक्केवारी छापलेली असते. दहा टक्के धरले तरी २० मिलीच्या डोसात दोन मिलीच अल्कोहोल जातं, तेव्हा माळकरी आजोबांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण मेथोट्रेक्सेट किंवा मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर ही बाटलीही डॉक्टरांना दाखवावी.

हे सगळं दवाखान्यातलं. हळदीच्या रात्री मांडवामागे यातलं काही आठवत नाही. “घे ना भो, काही व्हत नही,” म्हणत ग्लास पुढे येतो, आणि ज्याला कोलायटिस आहे त्याच्या चेहऱ्यावर आजार लिहिलेला नसतो. हात मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. “मला आतड्याचा दाह आहे, दिवसातून सहा वेळा जावं लागतं,” हे डीजेच्या आवाजात ओरडून सांगायची कोणाची हिंमत होईल? आखाजीला गावी आलेले मित्र, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतलं फुकटचं, मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांची बडदास्त, अशा प्रत्येक प्रसंगी नकार हा अपमान समजला जातो. गळ्यात तुळशीची माळ असेल तर मात्र कोणी आग्रह करत नाही, हे आपल्या समाजाचं मोठं सौजन्य आहे. आजारी माणसाला तेवढी सवलत मिळत नाही. माझ्या पाहण्यातला सर्वांत चालणारा नकार म्हणजे “लिव्हरच्या गोळ्या चालू आहेत.” आतड्याचं नाव काढलं की चेष्टा होते, यकृताचं काढलं की लोक गंभीर होतात. खरं-खोटं फार तपासू नये, अझाथायोप्रिनवाल्याच्या बाबतीत ते अर्धं खरंच आहे. हातात लिंबूपाणी धरून बसता येतं. त्यात सोडा नको, तो पोट फुगवतो. आणि सगळ्या रात्रीचा दोष एकट्या दारूवर ढकलण्याआधी चखण्याची ताटली पाहावी. मसाला शेंगदाणे, फरसाण, तिखट शेवभाजी आणि रात्री बाराचं मटण एवढं गेल्यावर निरोगी आतडंही तक्रार करतं.

शेवटी ज्यांची ‘थोडी’ रोजची झाली आहे त्यांच्याविषयी. त्यांच्यासाठी वरचे हिशेब उपयोगाचे नाहीत. त्यांचा प्रश्न दोन आजारांचा आहे आणि व्यसनाच्या आजाराला स्वतंत्र उपचार लागतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण त्यासाठीच आहे. नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञांकडेही हे उपचार होतात. इथे घरच्यांची एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. आजार जोरात उसळतो, पेशंटला नाशिकला दाखल करतात आणि “दारू घेतो का?” या प्रश्नावर नातेवाईक लाजेनं “नाही” म्हणतात. रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप जाते, भास होतात, झटकेही येऊ शकतात. त्याच वेळी शिरेतून मोठ्या डोसात स्टेरॉइड चालू असतं आणि त्यानंही झोप उडते, माणूस बेचैन होतो, बरळतो. डॉक्टर स्टेरॉइडचा परिणाम समजून वाट पाहत राहू शकतात. खरं आधीच सांगितलेलं असेल तर पहिल्या दिवसापासून थायमिन आणि योग्य ती शामक औषधं देऊन हे बव्हंशी टाळता येतं. भावानं किंवा बायकोनं केस पेपर होत असतानाच, पेशंटसमोर नको वाटलं तर कॅबिनमध्ये जाऊन, रोज किती आणि शेवटची कधी, हे दोन आकडे सांगावेत.